एक लेकरू बसत नाही, दुसरं बोलत नाही: दोघांना अक्षरं कशी शिकवावीत?

परभणी जिल्ह्यात सेलूजवळच्या एका गावातून एका आईनं विचारलं आहे: "माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. वही पुढं ठेवली की उठून पळतो, दोन मिनिटं एका जागी टिकत नाही. धाकट्या जावेची मुलगी त्याच्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान. ती तासभर बसते, पण काही विचारलं की मान खाली घालते. शाळेतल्या बाई म्हणतात, मुलगा वांड आहे आणि मुलगी कच्ची आहे. सासरे म्हणतात, दोघांकडून रोज एक-एक पान गिरवून घ्या. शेजारचं पोरगं तर ज्ञपर्यंत लिहितं. आम्ही दोघी जावांनी काय करावं?"

ताई, आधी घाईबद्दल बोलू. साडेचार वर्षांच्या लेकरानं ज्ञपर्यंत लिहावं अशी अपेक्षा कुठल्याही सरकारी अभ्यासक्रमात नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 3 ते 8 वर्षं हा सलग एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि पहिलीचं वय सहा धरलं आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टसुद्धा तिसरी संपेपर्यंत लेकराला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी, एवढंच आहे. म्हणजे तुमच्या दोघांकडे भरपूर वेळ आहे. शेजारच्या पोराचं म्हणाल, तर अशी लेकरं मी वर्गात पुष्कळ पाहिली आहेत. अ ते ज्ञ ही ओळ त्यांना गाण्यासारखी पाठ असते, हातालाही तिची सवय झालेली असते. मधलाच 'ब' उचलून एकटा पुढं ठेवला की ती गोंधळतात. ओळ पाठ होणं आणि अक्षर ओळखता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता 'वांड' आणि 'कच्ची'. हे दोन्ही शब्द घरातून काढून टाका, अगदी लाडानंसुद्धा वापरू नका. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्यानं 1956 पासून न्यूयॉर्कमधल्या 133 मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. त्यांना दिसलं, की काही मुलं जन्मापासूनच जास्त हालचाल करणारी असतात, काही नव्या माणसापासून नि नव्या गोष्टीपासून आधी मागं सरतात, काहींचं लक्ष चटकन उडतं, काही एकाच गोष्टीला चिकटून राहतात. शंभरातली साधारण 40 मुलं सहज जुळवून घेणारी निघाली, 15 सावकाश खुलणारी आणि 10 सांभाळायला अवघड. बाकीच्यांत थोडं हे, थोडं ते. त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट अशी, की एकच एक स्वभाव चांगला असं त्यांनी ठरवलं नाही. लेकराचा स्वभाव आणि मोठ्यांची त्याच्याकडून असलेली अपेक्षा यांचा मेळ बसला की लेकरू नीट वाढतं, मेळ तुटला की अडचणी सुरू होतात. तुमचा मुलगा हालचालीचा आहे, पुतणी सावकाश खुलणारी आहे. रोजचं एक पान या दोघांच्याही स्वभावाला जुळत नाही. तो पान सोडून पळतो. ती पान भरते, पण त्यातलं तिला काय कळलं हे कुणालाच कळत नाही.

एक खबरदारी इथंच सांगते, कारण हल्ली पालकसभांत हे फार ऐकू येतं. 'हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं, तिसरं हातानं शिकणारं' अशी लेकरांची वाटणी करू नका. 2008 मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी या कल्पनेमागचा पुरावा तपासला. अशा वाटणीनुसार शिकवल्यानं जास्त शिकणं होतं, असं म्हणायला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. अक्षराचा आकार डोळ्यांनी पाहणं, त्याचा आवाज कानांनी ऐकणं आणि तो हातानं काढणं या तिन्ही गोष्टी दोघांनाही लागणारच आहेत. स्वभाव पाहून बदलायचं ते दुसरंच: किती वेळ, कुठं, कुणासमोर, कुठल्या अक्षरापासून, आणि उत्तर कधी मागायचं.

अक्षरांच्या निवडीपासून सुरुवात करू, कारण ती दोघांना सारखीच उपयोगी आहे. 'अ अननसाचा' हे तुमच्या गावातल्या किती लेकरांच्या ओळखीचं आहे? अननस त्यांनी पाहिलेला नसतो. चित्र पाहून ती भलतंच नाव घेतात, मग अक्षरही भलतंच चिकटतं. शिवाय अ, इ, ए यांचे आकार अवघड, आणि ती शिकून लगेच एखादा शब्दही वाचता येत नाही. म्हणून मी क, न, म, ब ही चार अक्षरं आणि सोबत फक्त काना, एवढ्यानं सुरू करते. एवढ्या भांडवलावर लेकरू काका, मामा, बाबा, नाना, नाक, कान, मान, काम असं वाचू लागतं. हातभर अंतरावरची माणसं आणि स्वतःचं अंग! चार अक्षरांत आपल्या मामाला वाचता येतं हे कळल्यावर लेकराच्या चेहऱ्यावर जे उमटतं ना, ते पाहण्यासाठी मी हे काम करते. त्यानंतर स, र, त, ल घ्या. बस, रस, सर, ताक, लाल. मग दुसरी वेलांटी: मी, ती, मामी, काकी. पहिली वेलांटी जरा थांबून घ्या, कारण 'कि' लिहिताना ती अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर. डावीकडून उजवीकडं वाचायला नुकतंच शिकलेलं लेकरू तिथं हमखास अडखळतं. ङ आणि ञ आत्ता विसरा.

पाटी-पेन्सिलीच्या आधी काही दिवस नुसते आवाजाचे खेळ खेळा. 'म'नं सुरू होणारं स्वयंपाकघरात काय काय आहे? मीठ, मिरची, माठ, मसाला. 'भाकर' टाळ्या वाजवत तोडून म्हणा: भा, क, र. भाकरी थापताना, शेंगा फोडताना हे होतं, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. शब्दाचे तुकडे कानाला ऐकू येऊ लागले की अक्षर हे त्या तुकड्याचं चिन्ह आहे हे लेकराला पटकन उमगतं.

आता तुमचा मुलगा. त्याला बसवण्यात तुमची जेवढी ताकद जाते, तेवढी अक्षराला मिळत नाही. म्हणून काही महिने बसण्याचा हट्ट सोडा. अंगणात रांगोळीनं त्याच्या उंचीएवढा 'म' काढा. जिथून लिहायला सुरुवात होते तिथं एक दगड ठेवा. त्याला अनवाणी त्या रेघेवरून चालू द्या, आधी डावीकडची गाठ, मग शेजारची उभी रेघ, शेवटी वरची आडवी. चालताना तोंडानं 'म्म्म' म्हणत राहायचं. आकार कुठून सुरू होतो, कुठं वळतो हे पायांना कळलं की हाताला शिकवणं सोपं जातं. एकदा भरभर, एकदा मुंगीच्या चालीनं. हा सावकाश चालण्याचा भाग गाळू नका. हालचालीच्या लेकराला स्वतःला आवरायला शिकवणारा तोच भाग आहे, आणि खेळात ते हे आनंदानं करतं. बसायला सांगितलं असतं तर केलं नसतं.

दुसरा खेळ पळण्याचा. खडूनं एक अक्षर दारावर, एक रांजणाजवळ, एक तुळशीकट्ट्यावर लिहा. "क कुठंय?" म्हटलं की पळत जाऊन हात लावून यायचं. आधी दोनच अक्षरं, मग तीन, मग चार. आणि तिसरा आपल्या उन्हाचा. वाटीभर पाणी, एक फडकं किंवा रंगाचा जुना ब्रश, आणि घरापुढचा ओटा. एप्रिलमध्ये लिहिलेलं अक्षर बघता बघता वाळून जातं, ते वाळायच्या आत पुढचं काढायचं. खांद्यापासून अख्खा हात फिरतो, आणि या वयात बोटांच्या आधी खांदा नि मनगट तयार व्हावं लागतं. 'हातात पेन्सिल धरवत नाही' म्हणून येणाऱ्या कितीतरी लेकरांना मी आधी हेच करायला लावते. जोडीला भुईमुगाच्या शेंगा सोलणं, कणकेचे गोळे करणं, दोऱ्यात मणी ओवणं. दसऱ्याला पाटीपूजनासाठी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती आपण काढतोच. ती त्याच्याकडून काढून घ्या, उभ्या रेघांचा फार छान सराव होतो.

वेळेचा नियम एकच ठेवा: त्याला आणखी हवं असताना थांबायचं. तीन-चार मिनिटं पुरेत, दिवसातून तीन-चार वेळा झालं तरी हरकत नाही. तो कंटाळून पळाल्यावर खेळ संपला, तर अक्षर म्हणजे पळून जाण्याची गोष्ट हे त्याच्या डोक्यात बसतं. बसायची सवय वेगळी लावायची, तिचा लिहिण्याशी संबंध ठेवायचा नाही. खेळून दमला की मांडीवर घेऊन एक गोष्ट वाचा, बोट ओळीवरून फिरवत. आणि तालुक्याला जाताना एसटीच्या पाट्या, रेल्वेच्या फलाटावरची नावं वाचायला लावा. तुमच्या भागाचं भाग्य असं, की 'मानवत' आणि 'जालना' ही दोन्ही नावं नुसत्या कान्यावर भागतात. सगळं नाव येणार नाही, त्यातला 'मा' सापडला तरी फार झालं.

पुतणीचा विषय जास्त नाजूक आहे. शांत लेकरू कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. तुम्ही दोघींनी तिचा विचार त्याच्याइतकाच केलात याचं मला फार बरं वाटलं.

पहिली गोष्ट: तिला "हे काय आहे, सांग बरं" असं विचारणं काही आठवडे पूर्ण बंद करा. पाहुण्यांपुढं "म्हणून दाखव" तर कधीच नको. सावकाश खुलणारं लेकरू आधी खूप पाहतं, ऐकतं, मनात साठवतं आणि खात्री पटल्यावरच बाहेर काढतं. प्रश्न आला की त्याचं सगळं लक्ष अक्षरावरून उडून विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातं. मग ज्याचं उत्तर येत असतं तेही येत नाही, आणि आपण म्हणतो कच्ची आहे.

तिला येतं की नाही हे तोंडानं न विचारताही कळतं. माझ्या वर्गात अशीच एक मुलगी होती, दिवाळीपर्यंत तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. मधल्या सुट्टीत ती दारापाशी बसायची. मी फरशीवर खडूनं 'न', 'म', 'क' मोठे काढायचे आणि चिंचोक्यांचं टोपलं मधे ठेवून तिच्या शेजारी बसायचे, तिच्याकडं न पाहता. माझ्यापाशी अक्षरांच्या चिठ्ठ्या असत. "ही न ची चिठ्ठी" असं स्वतःशीच पुटपुटत मी मुद्दाम ती 'म'वर ठेवायचे. पहिले काही दिवस ती नुसती बघत राहिली. मग एकदा तिनं दोन बोटांनी चिठ्ठी हळूच सरकवत 'न'वर नेली आणि पुन्हा चिंचोके मांडू लागली. मी काही बोलले नाही, पुढची चिठ्ठी चुकीच्या जागी ठेवली. तीही सरकली. त्या दुपारी मला कळलं की तिला वर्गातल्या बडबड्या पोरांपेक्षा जास्त अक्षरं येतात. लगेच कौतुकाचा गलका केला असता तर ती पुन्हा आत गेली असती. नुसतं "हां, बरोबर" एवढं पुरतं.

तुम्ही घरी हेच करा. मोठ्या माणसानं मुद्दाम चुकायचं आणि तिला हातानं दुरुस्त करू द्यायचं. अक्षरांच्या आकारावर चिंचोके, गहू, तुरीचे दाणे मांडायला द्या. अशा लेकरांना मांडायला, जुळवायला, वेगळं करायला फार आवडतं. सारखी दिसणारी अक्षरं, म्हणजे म आणि भ, ब आणि व, घ आणि ध, यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या करण्याचा खेळ तुमच्या मुलाला नकोसा होईल, ती मात्र त्यात रमून जाईल. नवं अक्षर एकदम शिकवायला घेऊ नका. आधी दोन दिवस ते नुसतं भिंतीवर लावून ठेवा, येता-जाता दिसू द्या. ओळखीचं झालं की ती आपणहून जवळ जाईल. बोलतं करायचं असेल तर एखाद्या तान्ह्या लेकराला, बाहुलीला, गोठ्यातल्या वासराला शिकवायला सांगा. वासरू चुका काढत नाही. तुम्ही भिंतीआड उभ्या राहून ऐका.

तिला वहीऐवजी पाटी द्या. चुकायला घाबरणारं लेकरू वहीवर खोडरबर घासून कागद फाडतं, मग रडतं. पाटीवर ओलं फडकं फिरवलं की चूक उरत नाही, आणि 'पुन्हा काढून बघू' ही हिंमत येते.

दोघांना एकाच वेळी, एकाच जागी शिकवायला बसवू नका. त्याचा आवाज तिला दाबून टाकतो आणि तिचं व्यवस्थित काम पाहून त्याला "बघ ती कशी बसलीय" ऐकावं लागतं. ही वाक्यं चुलत भावंडांत वर्षानुवर्षं राहतात. मात्र जोडीचा एक खेळ जरूर घ्या: ती खडूनं अक्षर लिहून लपवेल, तो पळत जाऊन शोधून आणेल. यात ती न बोलता पुढारी होते आणि त्याचं पळणं उपयोगी पडतं.

घरच्या बोलीबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडं लेकरू 'येक' म्हणतं, 'व्हट' म्हणतं, 'पानी' म्हणतं. पुस्तकात ए, ओ, ण ही अक्षरं शिकवायला नेमके हेच शब्द असतात. ओठाचं चित्र पाहून लेकरू "व्हट" म्हणतं, बाई म्हणतात "चूक, ओ". त्याला आपण काय चुकलो हे उमजत नाही, कारण त्याच्या आजीपासून सगळे तसंच बोलतात. गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावरच्या, घरी उर्दू बोलणाऱ्या किंवा देगलूर, उदगीरकडं तेलुगू-कन्नड ऐकत वाढलेल्या लेकरांची तर याहून जास्त ओढाताण होते. म्हणून सुरुवातीला असेच शब्द निवडा जे घरात आणि पुस्तकात सारखेच उच्चारले जातात: बस, मामा, कान, ताक, मका. ए, ओ, ण नंतर घ्या, आणि तेव्हाही "तू चुकलास" म्हणू नका. "आपण घरी व्हट म्हणतो, पुस्तकात ओठ लिहितात" असं सांगा. लेकरं दोन्ही सहज सांभाळतात. गप्प मुलीसाठी तर हे फारच महत्त्वाचं. बोली सुधारून-सुधारून गप्प केलेली लेकरं मी कमी पाहिलेली नाहीत.

काही किरकोळ शंका तुम्हाला येतीलच. अक्षर उलटं, आरशातल्यासारखं काढलं तर घाबरू नका, सहा-सात वर्षांपर्यंत हे चालतं. डाव्या हातानं लिहिलं तर हात बदलायला लावू नका, सासऱ्यांनाही तसं सांगा.

पण काही गोष्टी स्वभावावर सोडून चालत नाहीत. कुणाचा कान वाहत असेल, हाक मारल्यावर पाठमोरं असताना वळत नसेल, टीव्हीच्या अगदी जवळ जात असेल, तर आधी कान-डोळे तपासा. आपल्याकडं वाहता कान लोक वर्षभर अंगावर काढतात. त्यानं कमी ऐकू येतं, आणि त, द, ध हे जवळजवळचे आवाज लेकराला वेगळे कळत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्याची तारीख अंगणवाडी ताईंना विचारून ठेवा. पथक पुढच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात पाठवतं. पुतणी घरी मोकळी बोलते का, हे तुम्ही लिहिलं नाही. घरी भरपूर बोलत असेल आणि शाळेत पहिला महिना उलटून गेल्यावरही चकार शब्द काढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घरीही शब्द कमी असतील तर अजिबात थांबू नका. मुलगा खेळतानाही कुठल्याच गोष्टीत रमत नसेल, आवडीची गोष्टसुद्धा अर्धवट टाकत असेल, तर त्याचंही विचारून घ्या.

सासऱ्यांना या सगळ्यातून बाजूला ठेवू नका. एक पान गिरवण्यामागं त्यांची कळकळच आहे, त्यांच्या लहानपणी शिकणं असंच होतं. त्यांना आवाजाच्या खेळांचं काम द्या. त्यांना अभंग, कोडी, जुनी बडबडगाणी येत असतील. संध्याकाळी दोन्ही नातवंडांना घेऊन ते म्हणतील, टाळ्या वाजवतील. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा विकतची खेळणी न आणता आसपास मिळेल त्या वस्तूंतूनच शिकवलं. तुमच्या घरात चिंचोके आहेत, रांगोळी आहे, ओटा आहे, आजोबा आहेत. दुकानातून आणायची ती फक्त पाटी आणि खडू.

राहिला शाळेचा गृहपाठ. बाईंशी भांडू नका, त्यांच्याही वर्गात लेकरं खूप असतात. वहीचं पान आलं तर मुलाकडून एकच ओळ करून घ्या आणि खाली लिहा: "उरलेला सराव अंगणात रांगोळीने केला." पुतणीच्या वहीत लिहा: "हिला म, न, क, ब ओळखता येतात, चिठ्ठ्या जुळवून दाखवते. कृपया वर्गात उभं करून विचारू नये, फळ्यावरच्या अक्षराला बोट लावायला सांगावं." असं नेमकं लिहून दिलं की बहुतेक बाई ऐकतात. महिनाभरानं दोघींनी शाळेत जाऊन बाईंना भेटा, जाताना तिच्या चिठ्ठ्यांचा डबा सोबत न्या.